चौदा नंबरचा कागद

"तू मास्तर ना? मग शिकव मला," आ-ग्वात म्हणाली. बोलताना तिचा हात थांबला नव्हता. चाकूचं टोक कालवाच्या फटीत, एक हिसका, मऊ गर वाडग्यात, शिंपला ढिगावर.

बून-लिओंग तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसला होता. पंचावन्न वर्षांचा, ताइचुंगच्या मोठ्या शाळेचा मुख्याध्यापक. पण या शेडमध्ये आला की त्याचे गुडघे अजून लहान मुलासारखे छातीशी यायचे. रविवारी वडिलांचं श्राद्ध होतं आणि शनिवारी मतदान. वडिलांनी निक्षून सांगितलं होतं की थोरल्याचं नाव गावच्या दाखल्यावरून हलवायचं नाही, म्हणून मत द्यायला त्याला इथेच यावं लागायचं.

"काय शिकवू, आई?"

"उद्याचं. सरपंचाचं मला ठाऊक आहे, त्याच्या कागदावर फोटो असतो. पण ते प्रश्नांचे कागद देणारेत म्हणे, ते."

"प्रश्न दहा आहेत, सात नंबरपासून सोळापर्यंत."

"असू देत. बाकीच्यांशी मला कर्तव्य नाही. मला आपल्या आ-लानचा पाहिजे."

बून-लिओंगने शेडच्या दाराकडे पाहिलं. बाहेर वारा वाळू उडवत होता. खाडीकडच्या बांधावर कोणी नव्हतं.

"आ-लानने सांगितलं तुला, तिच्या बाजूने मत दे म्हणून?"

"ती कुठली सांगते! फोनवर मीच विचारलं, तर म्हणाली, आई, तुला वाटेल ते कर. न मागणाऱ्या पोराच्या ताटात आधी वाढावं लागतं, तुला माहीत आहे." तिने नवीन कालव उचललं. "पण मी वचन दिलंय तिला. लोकांनी हो म्हटलं, तर रविवारी ती पेई-यिंगही उदबत्ती धरेल, आ-लानच्या शेजारी. मी तुझ्या बापाला नाव घेऊन सांगेन, ही आपल्या घरची."

"आणि लोकांनी नाही म्हटलं तर?"

"तर मी एकटी काय करणार? पूर्वज विचारतील, ही कोण? मी काय सांगू, मैत्रीण? मैत्रिणीने उदबत्ती धरायची असती, तर गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या असत्या."

तिने चाकू खाली ठेवला. ती चाकू खाली ठेवी तेव्हा ऐकायचं असतं, हे तिन्ही मुलांना लहानपणापासून माहीत होतं.

"तुझी आत्या आठवते ना तुला? बिनलग्नाची गेली. बिनलग्नाच्या मुलीच्या नावाची पाटी बापाच्या घरी पूर्वजांच्या ओट्यावर बसत नाही. पडून आहे बिचारी त्या जोगिणींच्या मठात, परक्यांच्या पाट्यांमध्ये. दर वर्षी मी केळी घेऊन जाते आणि लाज वाटते मला. आ-लानला मी तिथे ठेवू? तिला तिच्या माणसाच्या ओट्यावर जागा मिळू दे. मग ते माणूस बाई का असेना. मला काही कळत नाही त्यातलं. पण जागा मला कळते."

बून-लिओंगने जमिनीवरून शिंपल्याचा एक तुकडा उचलला. याच फरशीवर, याच तुकड्यांनी, त्याने आ-लानला पहिली अक्षरं काढून दिली होती. ती सहा वर्षांची होती आणि तो शिक्षकांच्या कॉलेजातून सुटीला आला होता. ती भराभर शिकायची. चुकली की स्वतःच पायाने पुसायची आणि म्हणायची, दादा, तू बघितलं नाहीस हं.

त्याने फरशीवर दोन कागद काढले. एकावर दहा लिहिलं, दुसऱ्यावर चौदा. आकडे आईला येत होते, जन्मभर कालवांची वजनं वाचली होती तिने.

"दहा नंबर विचारतो, लग्न फक्त बाईपुरुषाचंच असावं, हे मान्य आहे का? चौदा नंबर विचारतो, दोघी बायकांनाही त्याच कायद्याने लग्न करता यावं, हे मान्य आहे का? प्रत्येक कागदावर दोन चौकोन. एक मान्य, एक अमान्य. अमान्यच्या चौकोनात पुढे नकाराचं अक्षर आहे."

"बांधावरच्या पाटीवर असतं ते? पंख पसरलेल्या बगळ्यासारखं?"

"तेच."

"मग आ-लानसाठी कुठे बगळा आणि कुठे नाही, एवढंच सांग."

त्याचा हात बरोबर चालला होता. दहाच्या खाली त्याने बगळा काढला होता, चौदाच्या खाली साधा चौकोन. मग तो थांबला.

या गावात मतमोजणी झाकून होत नाही. एकेक कागद हातात उंच धरून मोठ्याने पुकारतात आणि समोर बाकांवर सगळा गाव शेंगदाणे खात बसलेला असतो. पाच-सात कागद जरी तसले निघाले, तरी बायका बोटं मोडून हिशेब लावतील. एक आ-लानचा. दुसरा कोणाचा? मग त्यांचे डोळे कोणाच्या दाराकडे वळतील, हे त्याला दिसत होतं. आईला अजून या बायकांमध्ये बसून कालवं फोडायची आहेत, असं त्याने मनाशी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं. त्याची बायको ताइचुंगमध्ये पालक-मातांच्या सभेत असल्या लग्नांविरुद्ध भाषणं करत होती. त्याच्या शाळेच्या भिंतीवर त्याचा फोटो होता. लहानपणी घरची बोली वर्गात बोलला म्हणून त्याच्या गळ्यात पाटी अडकवली होती. त्या दिवसापासून तो एकच गोष्ट शिकला होता, की बरोबर काय ते समोरच्या फळ्यावर लिहिलेलं असतं आणि आपण रांगेतून बाहेर पडायचं नसतं. कालवं फोडणारीचा मुलगा एवढ्या वर आला, तो रांगेत राहून.

"हे चुकलं माझं," तो म्हणाला आणि त्याने बुटाने फरशी पुसली. "नीट काढून देतो."

दुसऱ्यांदा त्याने दहाच्या खाली साधा चौकोन काढला आणि चौदाच्या खाली बगळा.

"दहा, मान्य. चौदा, बगळा," आईने म्हटलं.

"पुन्हा."

"दहा, मान्य. चौदा, बगळा."

मुलांची परीक्षा घेताना तो नेहमी उलट बाजूने विचारायचा. "बगळा कुठे, आई?"

"चौदावर."

"शाबास," त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं. आईला इतका आनंद झाला की ती हसली, तोंडावर ओला हात धरून. शाबास तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

*

मधला आ-हाय दिवसभर खाडीत, कालवांच्या रांगांवर होता. संध्याकाळी तो जेवायला बसला, तेव्हा त्याच्या मानेवर मीठ वाळलं होतं. समोर आ-लान बसली होती, दुपारच्या बसने आलेली. तायपेईच्या विद्यापीठात शिकवते ती, पण मत अजून गावातच. चष्मा आणखी जाड झाला होता. आ-हायला ती आली की बरं वाटायचं आणि ती बोलायला लागली की राग यायचा, असं कित्येक वर्षं चाललं होतं.

"एक सांगून टाकतो," तो म्हणाला. "उद्या मी तुझ्या विरोधात शिक्का मारणार आहे. मागून कळायला नको."

त्याची बायको थुई मासे वाढत होती. तिने पळी त्याच्या ताटावर आपटली. "जेवायच्या आधीच?"

"मग कधी? सोमवारी?"

आ-लानने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "का, भाऊ?"

"असंच. मंदिरात सगळे तसंच म्हणतात."

"मंदिरात म्हणतात म्हणून? त्या लोकांना त्या प्रश्नाचा अर्थ तरी..." ती थांबली.

"बोल की. अर्थ तरी कळतो का? नाही कळत. आम्ही मान्य-अमान्य वाचता वाचता घामाघूम होतो. तुम्ही लोक कागद लिहिता, आम्ही शिक्का मारतो."

"मी तसं नाही म्हटलं."

"तुझ्या चष्म्याने म्हटलं."

आ-लान वळली. "दादा, तू सांग ना याला. तू वाचलंयस सगळं. वाचलेल्या माणसाला निदान..."

"जेवताना नको," बून-लिओंग म्हणाला. तो माशाचे काटे काढत होता. फार मन लावून काढत होता.

"वाचलेल्या माणसाला!" आ-हाय हसला. सुपारीने त्याचे दात लाल झाले होते. "मी सांगतो तुला काय ते. मी थुईला आणली तेव्हा तू लग्नाला आलीस. नवा कोट घालून. बाहेर मांडवात तुझ्या मैत्रिणीचा फोन आला, तिने विचारलं असणार, वहिनी कुठली, कुठे भेटली? तू काय म्हणालीस आठवतं? म्हणालीस, कामाच्या ठिकाणी ओळख झाली. मी मागे उभा होतो. दलालाने आणलेली व्हिएतनामी बायको, असं सांगायला तुला लाज वाटली."

थुई वाढता वाढता थांबली नाही. पण तिची पाठ ताठ झाली.

आ-लानचा चेहरा उतरला. "भाऊ, ती माझी चूक होती."

"मी तेव्हा काही म्हणालो? नाही. इथे मुलगी कोण देणार होतं मला? शाळा सोडलेला, चिखलात उभा राहणारा. तेव्हा तुमच्या त्या विद्यापीठात, दोघांना जुळलं की लग्न करू द्यावं, असं कोणी भाषण करत नव्हतं. आता तुझ्यावर आलं, तर सगळ्या देशाने मन मोठं करायचं."

"म्हणजे तू तिच्यावर सूड उगवणार?" आईने विचारलं.

"सूड नाही, आई. मला फक्त एकदा वाटतंय की माझं मत तिला लागावं. लागायला हवंय ना तिला? इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मग थुईच बोलली, माहेरचं वळण अजूनही न सुटलेल्या बोलीत. "मला इथे आठव्या दिवशी उदबत्ती धरायला दिली. मला तेव्हा यांचं नावही धड घेता येत नव्हतं. लग्नाचा कागद होता म्हणून दिली. त्या पेई-यिंगला या घरात येऊन अकरा वर्षं झाली. ती अजून भांडी घासते आणि बाहेर उभी राहते." तिने आ-हायकडे बघितलंही नाही. "तुमचा राग तुमच्यापाशी. माझा शिक्का माझ्यापाशी."

आ-हायने भात तोंडात कोंबला. आपलीच बायको दुसऱ्या बाजूला गेलेली त्याला आवडली नव्हती. त्याने थोरल्या भावाकडे पाहिलं, निदान तो तरी पाठीशी आहे का म्हणून. बून-लिओंगने काढलेले सगळे काटे ताटाच्या कडेला ओळीने लावले होते.

*

मतदान गावच्या शाळेत होतं. शाळा बंद होऊन काही वर्षं झाली होती, पण पताका लावायच्या खिळ्यांची रांग अजून भिंतीवर होती. आ-ग्वात सकाळी ठेवणीतला जांभळा कोट घालून गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. आ-लान आवारात उभी होती. आईने तिचा दंड दाबला.

"झालं माझं. तुझं काम करून आले."

"म्हणजे, आई?"

"म्हणजे काय म्हणजे! दादाने शिकवलं सगळं. तिथली पोरगी विचारत होती, आजी, मदत करू का? म्हटलं, नको, माझा मुलगा मुख्याध्यापक आहे."

आईकडून आ-लानने मत मागितलं नव्हतं, कारण नाही मिळालं तर सहन झालं नसतं. आणि दादाने शिकवलं होतं! काल जेवताना तो गप्प राहिला, तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. आता कळलं, तो आधीच काम करून बसला होता.

दुपारनंतर मोजणी सुरू झाली. आधी सरपंचाची, मग प्रश्नांची. चौदा नंबर यायला संध्याकाळ झाली. एक तरुण कारकून कागद उंच धरायचा आणि ओरडायचा. दुसरा तेच पुन्हा ओरडून भिंतीवरच्या तक्त्यावर एक रेघ ओढायचा. पाच रेघांचं एक अक्षर पूर्ण व्हायचं.

"चौदा नंबर, अमान्य!"

"अमान्य!"

"चौदा नंबर, अमान्य!"

"अमान्य!"

आ-लान मागच्या बाकावर बसली होती. अमान्यच्या बाजूला अक्षरांच्या ओळी भरत चालल्या. मान्यच्या बाजूला एक अक्षर अर्धवट होतं.

"चौदा नंबर, मान्य!"

पुढच्या बाकावरची आ-थिआम काकू मागे वळून न बघता शेजारणीला म्हणाली, "पाचवं हे. ही पाच कोण गं?"

"शहरातून आलीत की पोरं."

"आमच्या घरचं नाही बाई कोणी. जास्त शिकवलं की असं होतं. पोरीला नवरा पसंत पडत नाही, मग मैत्रीण पसंत पडते."

दोघी हसल्या. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. आ-लानच्या लहानपणी याच काकूने तिला तापात पेज भरवली होती. म्हणूनच तिला उठून काही म्हणता आलं नाही. तिने तक्त्याकडे पाहिलं. पाच रेघांचं एक पूर्ण अक्षर, आणि थोड्या वेळाने वर आणखी दोन रेघा. सात. एक तिची, एक थुईवहिनीची असावी. आणि एक नक्की आईची. कोणती, ते ती ठरवत बसली. शेवटची असेल. आईला कागद पेटीत टाकायला वेळ लागतो.

बून-लिओंग दारात उभा होता. पाठ तक्त्याकडे होती. ती त्याच्याजवळ गेली.

"दादा."

"हं."

"आईने सांगितलं मला."

तो वळला. त्याचा चेहरा एकदम पांढरा झाला, पण अंधारून आलं होतं आणि आ-लानला ते दिसलं नाही.

"काय सांगितलं?"

"तू शिकवलंस ते. हे असं होणार, मला माहीत होतं. सगळीकडे हरतोय, फोनवर येतंय. पण आईचं एक मत आहे ना, दादा, त्यावर मी पुष्कळ दिवस काढीन." तिने त्याची बाही धरली. लहानपणी धरायची तशी. "भाऊ म्हणतो वाचलेली माणसं अशी आणि तशी. मी मनात म्हटलं, तू दादाला ओळखत नाहीस."

बून-लिओंगने तोंड उघडलं. आतून पुन्हा आवाज आला, "अमान्य!"

"घरी चल," तो म्हणाला. "वारा आहे."

शेवटच्या बसने पेई-यिंग आली. तिचं मत तायपेईत होतं, सकाळी ते देऊन ती निघाली होती. हातात केकचा खोका, आईसाठी गुडघ्याचं मलम. ती डॉक्टरांच्या घरातली मुलगी. इथली बोली तिला अर्धीच कळायची, म्हणून या घरात ती बोलण्यापेक्षा भांडी घासायची.

"आमच्याकडे केवढी रांग होती," ती आ-लानला म्हणाली. "सगळे हसत होते, एकमेकांना पाणी देत होते. मला वाटलं, झालंच हे. मी बसमध्ये बसेपर्यंत वाटत होतं."

"तुमच्या गल्लीत झालं असेल."

"इथे?"

"सात."

पेई-यिंग हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. आ-लानने तिच्या हातातला खोका घेतला. "सातात एक आईचं आहे," ती म्हणाली. "खरंच. शपथ."

*

रविवारी सकाळी ओट्यावर सगळं मांडून झालं. उकडलेली कोंबडी, तळलेला मासा, कालवांचं सार, तांदळाच्या दारूच्या तीन लहान वाट्या. वडिलांच्या पाटीवरची धूळ आ-ग्वातने स्वतः पुसली. बून-लिओंगने उदबत्त्या पेटवल्या आणि एकेकाला दिल्या. आईला, आ-हायला, थुईला, आ-लानला. पेटीतल्या उदबत्त्या उरल्या होत्या. पेई-यिंग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, ओले हात पुसत उभी होती.

आ-ग्वातने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मेलेल्या माणसाशी मोठ्याने बोलायचं असतं, त्याला कानाने कमी येतं. आ-ग्वातने उदबत्ती कपाळाला लावली आणि सुरुवात केली.

"अहो, ऐका. जेवायला या. पोरं सगळी आलीत. आ-हायची कालवं यंदा बरी आहेत. वादळाने दोन रांगा नेल्या, पण बरी आहेत. माझे गुडघे तसेच आहेत." तिने श्वास घेतला. "आणि काल मतदान झालं. आपल्या आ-लानसाठी मी मत दिलं. तुम्हाला वाटेल, या अडाणी बाईने काय दिलं असेल. पण थोरल्याने शिकवलं मला, फरशीवर काढून. दहा नंबरवर मान्य. चौदा नंबरवर बगळा. रात्रभर म्हणत होते मी. एकही शिक्का चुकला नाही. त्याने शाबास म्हटलं मला."

उदबत्त्यांचा धूर सरळ वर जात होता.

आ-लानने ते ऐकलं, पण पहिल्यांदा तिला कळलं नाही. मग तिने मनात दोन कागद शेजारी ठेवले आणि कळलं. तिने दादाकडे पाहिलं. बून-लिओंग समोरच्या पाटीवर डोळे रोवून उभा होता. तोंड घट्ट मिटलेलं, वर्गात प्रार्थनेला उभा राहिलेल्या मुलासारखं.

आ-हायला कळायला थोडा जास्त वेळ लागला. त्याने स्वतःच काल ते दोन शिक्के मारले होते. दहावर मान्य, चौदावर अमान्य. विरोधातले. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आई, पण चौदावर तर..."

"भाऊ," आ-लान म्हणाली.

आ-ग्वात वळली. "काय झालं? चुकलं का माझं?"

तिने आ-हायकडे पाहिलं, मग थोरल्याकडे आणि शेवटी लेकीकडे. बून-लिओंगचे ओठ हलले. आ-लानने वाट पाहिली. त्याला बोलायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ तिने दिला. त्याहून थोडा जास्तच दिला.

तो बोलला नाही.

"नाही, आई," आ-लान म्हणाली. "काही चुकलं नाही. दादाने शिकवलं तसंच केलंस तू."

"मग हा काय म्हणत होता?"

"हा काही म्हणत नव्हता," आ-हाय म्हणाला.

आ-ग्वात समाधानाने पुन्हा पाटीकडे वळली. "तर मी माझं केलं. पण लोकांनी नाही म्हटलं, अहो. सगळ्या देशाने नाही म्हटलं. मग मी या दुसऱ्या मुलीचं नाव तुम्हाला कसं सांगू? ती चांगली आहे. गुडघ्याला मलम आणते. ती बाहेर उभी आहे, तुम्ही ओळखलंच असेल. पण मी नाव सांगत नाही. रागावू नका."

तिने कौलाचे दोन लाकडी तुकडे हातात घेतले आणि विचारलं, जेवलात का, मन भरलं का? तुकडे फरशीवर पडले. एक उताणा, एक पालथा. पहिल्याच वेळी होकार. आ-ग्वातच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "ऐकलं त्यांनी," ती म्हणाली आणि कोंबडी कापायला स्वयंपाकघराकडे गेली. उंबऱ्याशी तिने पेई-यिंगच्या गालाला हात लावला. "तुला पहिलं वाढते हं," ती म्हणाली आणि आत गेली. थुई तिच्या मागोमाग गेली आणि जाताना पेई-यिंगला दंडाला धरून घेऊन गेली.

ओट्यासमोर तिघं भावंडं उरली.

आ-हायने आपली उदबत्ती रक्षापात्रात खोचली. "मी तोंडावर सांगितलं होतं," तो थोरल्याला म्हणाला, अगदी हळू. "जेवायच्या आधी."

"तुला कळणार नाही," बून-लिओंग म्हणाला. "उद्या गावात आईलाच राहायचं आहे. मी तिचा विचार..."

"हो, मला नाहीच कळणार. मी शिकलो नाही ना." आ-हाय बाहेर गेला. बाहेर जाऊन त्याने सुपारी थुंकली, ते सगळ्यांना ऐकू आलं.

"आ-लान," बून-लिओंग म्हणाला.

"कधीपासून?" तिने विचारलं. "फरशीवर पहिल्यांदाच तसं काढलंस, की बरोबर काढून पुसलंस?"

त्याची नजर खाली फरशीकडे गेली. तिला तेवढं पुरलं. तिला वाटलं होतं तिला राग येईल. आलं ते वेगळंच काहीतरी होतं. सहाव्या वर्षापासून जे जे तिने वाचलं, त्याच्या सुरुवातीला दादाचा हात होता. आता तिला मागे जाऊन सगळंच पुन्हा वाचावं लागणार होतं.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"नाही सांगणार. पण ते तुझ्यासाठी, असं वाटतं तुला?"

जेवणं झाली. मलम लावून झालं. परतीच्या बसची वेळ झाली, तेव्हा आ-ग्वात दारापर्यंत आली. तिने कालवांचा डबा पेई-यिंगच्या हातात दिला आणि आ-लानच्या कोटाची कॉलर नीट केली.

"पुन्हा असं मत घेतील का गं कधी?"

"घेतील कदाचित."

"मग मी पुन्हा देईन. जिवंत असले तर."

आ-लानने दादाकडे पाहिलं नाही. तो आईच्या मागेच उभा होता. "पुढच्या वेळी मी येईन आधी," ती म्हणाली. "मी शिकवीन तुला, आई."

"तू?" आ-ग्वात हसली आणि तिने मान हलवली. "नको गं. तू काय, तुझ्याच बाजूचं सांगशील. मला आपला दादाच बरा."